सही करण्याआधी

पुणे, रविवार

चि. चिऊस,



तुझा मेल मिळाला. पर्यायांचा तक्ता केलास ते बरं केलंस. हैदराबादच्या कंपनीत बसून आखाती देशांतल्या टॉवरांचं मॉडेलिंग, परदेशात एम.एस., एमपीएससी देऊन सरकारी खातं, आणि सगळ्यात शेवटी मुंबईतला तो जुन्या इमारतींचं काम करणारा छोटा सल्लागार, पगार जवळजवळ निम्मा. त्या रकान्याखाली तुझा प्रश्न : "मामा, विटामातीच्या इमारतींत शिरले तर करिअरची माती होणार नाही ना?" ताईनेही मला फोनवर हेच विचारलं होतं, फक्त तिच्या आवाजात विनोद नव्हता.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. पहिली तीन-चार वर्षं त्या छोट्या सल्लागाराकडे काढ. बाकीचे पर्याय खोडू नकोस, त्यांचा क्रम बदल. इंजिनिअर म्हणून तू आयुष्यभर जे विकणार आहेस ती शेवटी तुझी सही आहे. त्या सहीला वजन कशाने येतं हे ज्या कामात लवकर कळतं ते काम आधी करावं, एवढंच माझं म्हणणं. दगडविटांच्या इमारतीत हे शिकणं टाळताच येत नाही.

तू त्या सल्लागारांबरोबर गिरगावातली इमारत पाहायला गेलीस, तेव्हा त्यांनी तळमजल्यावरच्या एका भिंतीवर हात ठेवून विचारलं, "ही भिंत काय करते?" तुला सांगता आलं नाही आणि लाज वाटली, असं तू लिहितेस. लाज कसली? चार वर्षं तुला शिकवलं ते मुख्यतः आरसीसी. खांब, तुळई, स्लॅब. त्यात भिंत म्हणजे चौकटीतला भराव, मॉडेलमध्ये नुसता भार म्हणून टाकायची वस्तू. वीटकाम एका प्रकरणात उरकलेलं. आरसीसीत भार कुठून कुठे जाणार हे तू ठरवतेस आणि त्याप्रमाणे सळई घालतेस. शंभर वर्षांच्या इमारतीत ते कधीच ठरून गेलेलं असतं. ठरवणारा हयात नसतो, नकाशा बहुधा सापडत नाही, आणि मधल्या काळात दोन-तीन पिढ्यांनी आपापल्या सोयीने भिंती पाडलेल्या, पोटमाळे चढवलेले असतात. तिथे डिझाइनच्या आधी तपास येतो.

तपासाचं मूळ सूत्र छोटं आहे. दगड-विटांचं बांधकाम दाब भरपूर सोसतं, ताण जवळजवळ नाही. भिंतीवरचा भार तिच्या जाडीच्या मधल्या तृतीयांशात राहिला, तर सगळा छेद दाबाखाली राहतो. त्याबाहेर सरकला की एका अंगाचा सांधा उघडायला लागतो. अठराव्या शतकात रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाच्या तड्यांची काळजी वाटू लागली, तेव्हा जिओव्हानी पोलेनी यांनी घुमटाच्या भागांच्या प्रमाणात वजनं लावून एक साखळी टांगली, तिचा आकार उलटा करून घुमटाच्या छेदावर ठेवला, आणि ती रेषा जाडीच्या आत राहते हे १७४८ साली दाखवून दिलं. केंब्रिजचे जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये 'द स्टोन स्केलेटन' या निबंधात हेच आधुनिक सिद्धांताच्या भाषेत मांडलं : भाराची एक तरी रेषा दगडांच्या आत राहील अशी काढता आली, तर बांधकाम उभं राहू शकतं. पुढे याच नावाचं त्यांचं पुस्तक आलं. ते मिळवून वाच. त्यातली बरीचशी गणितं पेन्सिलीने होतात.

जवळचं उदाहरण हवं असेल तर विजापूरला जा. गोलघुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. घुमटाची प्रवृत्ती पायथ्याशी बाहेर ढकलण्याची असते. तिथे घुमटाखाली एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी आहेत, आणि त्यांच्यावरचं बांधकाम आतल्या बाजूला झुकलेलं आहे. त्या झुकलेल्या वजनाचा ओढा घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला उलटा पडतो. सतराव्या शतकातल्या त्या कारागिरांकडे सॉफ्टवेअर नव्हतं, पण वजन कुठे ठेवलं की कुठे काय होतं याची जाण होती. प्रतिध्वनी ऐकायला जाणारे पुष्कळ असतात. तू मान वर करून त्या कमानी मोज.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्याही एकाच इमारतीत दिसतात. शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ साली पुरा झाला. सोळा मजले, बाहेरच्या भिंती भार पेलणाऱ्या विटांच्या, म्हणून तळाशी भिंत सहा फूट जाड. भाड्याने द्यायची जागा भिंतीनेच खाल्ली. दोन वर्षांनी बांधलेला दक्षिणेकडचा भाग पोलादी सांगाड्यावर उभा केला. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असा माझा समज नाही. उंच जायचं तर चौकट हवी. पण जी लाखो घरं, शाळा, देवळं आणि पूल भिंतींवर व कमानींवर उभे आहेत, त्यांना सांभाळणारं कुणीतरी हवं, आणि अशी माणसं फार थोडी आहेत.

आता किल्लारीचा भूकंप. तुझ्या जन्माआधीची गोष्ट, म्हणून जरा थांबून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यम. तरी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात गेला. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये तो पट्टाच रद्द झाला.

लोकांनी निष्कर्ष काढला की दगडाने मारलं. त्यांच्या दुःखाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण पडलेली भिंत पाहिली की वेगळं दिसतं. दोन ते चार फूट जाडीची ती भिंत खरं तर दोन पातळ भिंती होत्या, शेजारी शेजारी उभ्या, मध्ये मातीत टाकलेला दगडगोट्यांचा भराव. दोन्ही अंगांना जोडणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच अंगं सुटी झाली. एक रस्त्यावर पडलं, दुसरं झोपलेल्या माणसांवर. वर माळवद : लाकडी खणांवर फूट-दोन फूट माती, गळती थांबवायला दर थोड्या वर्षांनी वरून नवा थर. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेव. कित्येक घरांत माळवदाचं ओझं लाकडी खांबांनी पेललेलं होतं, भिंत नुसती आडोशाला. अशा काही घरांच्या भिंती ढासळल्या आणि छत खांबांवर तसंच राहिलं. तुला गिरगावात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे एकाच गल्लीतल्या दोन घरांत वेगवेगळं होतं, आणि त्या फरकाने माणसं जगली किंवा गेली.

उपाय फार महागडे नव्हते. आय.एस. १३८२८ हे भारतीय मानक सांगतं की आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला घाला, आडवं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त ठेवू नका. आय.एस. ४३२६ सांगतं की दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली, गरजेप्रमाणे जोत्यालाही, काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा. किमान ७५ मिलिमीटर जाडी, आत दोन सळया, सगळ्या भिंतींवरून न तुटता. उघड्या पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू बोटाने ढकल, ती लगेच वाकते. कडेने चिकटपट्टी फिरव, मग चारही बाजू एकमेकींना धरून ठेवतात. पट्ट्याचं काम एवढंच. उभ्या असलेल्या घरांत भिंतीला आरपार भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरलं की आरपार दगडाची उणीव बरीच भरून निघते. हे काम गावचा गवंडी करू शकतो, त्याला कुणी नीट दाखवून दिलं तर. ते दाखवून देणं हेही स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच काम आहे, जरी त्याला कुठला तक्ता 'ग्रोथ' म्हणत नसला तरी.

इलाज करतानाच रोग वाढवण्याचे प्रकार या क्षेत्रात पुष्कळ होतात. इटलीत बऱ्याच ठिकाणी जुन्या दगडी घरांची लाकडी छपरं काढून वर आरसीसीचे जड स्लॅब आणि पट्टे घातले, मजबुती म्हणून. १९९७ च्या उंब्रिया-मार्के भूकंपात अशा अनेक घरांत वरचं काँक्रीट शाबूत आणि खालची भिंत फुटून ढासळलेली, असं चित्र दिसलं. दुबळ्या भिंतीच्या डोक्यावर वजन वाढवलं, भिंत मात्र होती तशीच ठेवली. आपल्याकडे वाड्यांत हेच चालू असतं. मातीत बांधलेल्या भिंतीवरचा कडीपाट काढून "आता काळजी मिटली" म्हणत स्लॅब टाकतात. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरतात आणि वरून सिमेंटचा गिलावा चढवतात. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही टाकतो. सिमेंट तिची वाट अडवतं, मग ओल विटेतून बाहेर यायला बघते, क्षार फुलतात आणि वीट सोलपटत जाते. भिंतीत खुपसलेलं तुळईचं टोकही त्याच ओलीने आतल्या आत कुजतं. बाहेरून सगळं छान रंगवलेलं असतं.

मुंबईत तुझं काम असणार ते अशाच जुन्या इमारतींत. १९६९ च्या कायद्याने दक्षिण व मध्य मुंबईतल्या एकोणीस हजारांहून अधिक जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसला, त्या पैशातून दुरुस्तीसाठी मंडळ उभं राहिलं, आणि आज ते म्हाडाच्या छत्राखाली आहे. त्यातल्या १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात येतात. लाकडी सांगाडा आणि विटांचा भराव, किंवा जाड वीटभिंती आणि सागवानी तुळया, किंवा लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या छोट्या कमानी. एकाच इमारतीत तिन्ही सापडतील. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली आणि ३३ माणसं गेली. तीही शंभरी ओलांडलेली होती. वय हे कारण म्हणून सांगायला सोपं असतं. पण वयाने इमारत पडत नाही. पागोळीची नळी फुटून वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात पाणी मुरणं, मजल्यामजल्यावर वाढवलेल्या मोऱ्या, दुकान मोठं करायला काढलेली तळमजल्यावरची भिंत, गच्चीवरच्या टाक्या : कारण यात शोधायचं.

कसं शोधायचं, त्याचे चार धडे इथेच देऊन ठेवतो.

तडा दिसला की त्याचं टोक आणि रुंदी पाहा. पायऱ्यापायऱ्यांनी सांध्यातून चढणारा तिरका तडा बहुधा पाया असमान खचल्याचं सांगतो. तो वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर इमारतीचं टोक खचतंय, खाली रुंद असेल तर मधला भाग. सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगत खालून जाणारी आडवी भेग बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. कुरूप, पण सहसा घातक नाही. दोन भिंतींच्या कोपऱ्यातली उभी भेग मात्र गंभीरपणे घे, तिथे भिंती एकमेकींना सोडू लागलेल्या असतात.

भेग जुनी की नवी ते ठरव. जुन्या भेगेत धूळ, रंग, जाळी असतात. नवीच्या कडा स्वच्छ आणि धारदार असतात. शंका असेल तर गिलावा खरवडून आडवी काचपट्टी चिकटव आणि तिच्यावर तारीख लिही. काच फुटली तर हालचाल चालू आहे. शंभर रुपयांत होणारी ही चाचणी लाखाच्या अहवालात पुष्कळदा नसते.

भेगच नसलेल्या भिंतीला ओळंबा लाव. भिंतीला पोट आलं असेल तर आतली दोन अंगं सुटी झाली असण्याची शक्यता असते, किल्लारीची तीच गोष्ट. हाताने ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो का ते ऐक.

आणि जड भार घेणाऱ्या खांबात किंवा दोन खिडक्यांमधल्या भिंतीत बारीक, उभ्या, एकमेकींना समांतर भेगा दिसल्या, तर बाकी सगळं बाजूला ठेव. दाबाखाली वीट चिरडण्याआधी अशी उभी फाटते. इटलीतल्या पाव्हिया शहराचा मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ ला कोसळला, चार माणसं गेली. भूकंप नव्हता, वादळ नव्हतं. शतकानुशतकं सोसलेल्या कायम भाराने बांधकाम आतून हळूहळू फुटत गेलं होतं, असं नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. अशा भेगांपुढे "अजून थोडं निरीक्षण करू" म्हणायचं नसतं. त्याच दिवशी टेकू द्यायचे आणि माणसं हलवायची.

एवढं शिकलीस की खरी परीक्षा सुरू होते, आणि ती इंजिनिअरिंगच्या बाहेरची असते. तीस वर्षांपुढच्या इमारतींना मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली स्थैर्याचा दाखला लागतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. म्हणजे काम भरपूर, आणि त्या कामावर डोळा ठेवून असणारेही भरपूर. महापालिकेच्या वर्गवारीत 'सी-१' म्हणजे धोकादायक, तत्काळ रिकामी करा. मालकाला पुनर्विकास हवा असतो, त्याला 'सी-१' हवं. भाडेकरूंना परत येता येईल याची खात्री नसते, त्यांना दुरुस्ती पुरेल असा अहवाल हवा. दोन्ही बाजू आपापला इंजिनिअर आणतात आणि एकाच भिंतीबद्दल दोन उलट निकाल निघतात, मग वाद महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातो. नामांकित संस्थांमध्येही मतभेद होतात. मुंबईच्या एस्प्लनेड मॅन्शनबद्दल २०१९ मध्ये एका तज्ज्ञ अहवालाने पाडण्याची शिफारस केली, आणि नंतरच्या तज्ज्ञ समितीने दुरुस्ती शक्य असल्याचं सांगितलं. असा मतभेद प्रामाणिकही असू शकतो. कारण मोजमापं तीच असली तरी आधुनिक आरसीसीच्या फूटपट्टीने मोजलेली जुनी इमारत नापासच होते, आणि तिच्या स्वतःच्या भाररचनेने पाहिली तर कदाचित पास होते.

तू कुठल्या बाजूची आहेस असं तुला विचारतील. तुझी बाजू म्हणजे तू पाहिलेल्या भिंती. अहवालात लिही की अमुक खोल्या उघडल्या, अमुक बंद होत्या, इथे तुळईचं टोक उघडं करून पाहिलं, तिथे पाहू दिलं नाही. न पाहिलेल्या भागावर सही करू नकोस, मग ती इमारत पाडायची असो की ठेवायची. पडेल असं खोटं लिहिलं तर पन्नास कुटुंबं रस्त्यावर येतात, पडणार नाही असं खोटं लिहिलं तर ढिगाऱ्याखाली जातात. यातलं कमी वाईट काय ते शोधत बसू नये. आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२ चा देशव्यापी कायदा आणि परिषद आहे. इंजिनिअरसाठी तसा कायदा नाही. महापालिका आपापल्या पातळीवर परवाने देतात. त्यामुळे तुझ्या सहीवर बाहेरून लक्ष ठेवणारं फार कुणी नसेल. म्हणून ती सवय पहिल्या नोकरीतच लागलेली बरी.

आता तुझ्या तक्त्याकडे येतो.

हैदराबादची नोकरी चांगली आहे. शिस्त लागेल, आंतरराष्ट्रीय कोड कळतील, पगार वेळेवर येईल. पण मॉडेल तुला दिलेलं असेल, तपासणारा दुसरा असेल आणि सही तिसऱ्याची. जागा तू कधी पाहणार नाहीस. हे तू तीन वर्षांनी केलंस तर मॉडेलमधली चूक डोळ्यांना खटकेल. आत्ता केलंस तर संगणकाने दिलेलं उत्तर खोटं ठरवायला लागणारा अनुभवच गाठीशी नसेल.

एम.एस. जरूर कर, पण नुसतं 'स्ट्रक्चरल' म्हणून कुठेही नको. दोन वर्षं जुन्या भिंती पाहून झाल्या की आपल्याला काय येत नाही हे नेमकं कळेल, मग त्यासाठी जा. ऐतिहासिक बांधकामांच्या विश्लेषणाचा खास अभ्यासक्रम पोर्तुगालचं मिन्हो, इटलीचं पादोव्हा, बार्सिलोना आणि प्राग इथली विद्यापीठं मिळून चालवतात. इथेच राहायचं तर गेट देऊन आयआयटीत एम.टेक. कर, मद्रासला वारसा-वास्तूंच्या सुरक्षिततेचं राष्ट्रीय केंद्र आहे. आणि दगड-विटा म्हणजे फक्त जुनं, असंही समजू नकोस. आधी भिंत बांधून मग तिच्या कडांना काँक्रीटचे बारीक खांब ओतायचे, ही बंदिस्त वीटकामाची पद्धत १९३९ च्या चिलान भूकंपात टिकलेली दिसली आणि चिलेमध्ये रुजली. आपल्याकडे आयआयटी गांधीनगरची वसतिगृहं आणि घरं त्याच पद्धतीने बांधली आहेत. यात नवं काम करायला खूप जागा आहे.

सरकारी खात्याला नाक मुरडू नकोस. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला, दोन एसटी बस आणि मोटारी घेऊन. राज्यात असे कमानींचे पूल अजून कितीतरी वाहतुकीखाली आहेत. कमानीला वरच्या गाड्यांचं ओझं सहसा मारत नाही, पाण्याने पायाखालची माती नेली की ती जाते. हे ज्याला कळतं असा अभियंता खात्यात असेल, तर तो एका पावसाळ्यात जेवढी माणसं वाचवेल तेवढी मी आणि तुझे ते सल्लागार मिळून वाचवणार नाही. एमपीएससीचा अभ्यास नोकरी सांभाळून चालू ठेवायचा तर ठेव. नुसता तोच करत घरी बसू नकोस.

पैशाबद्दल तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पहिली वर्षं ओढाताणीची जातील. मुंबईचं भाडं त्या पगारात जड जाईल, वर्गातल्या मैत्रिणी पुढे गेल्यासारख्या वाटतील. परवाना, अनुभव आणि नाव झालं की हे चित्र बदलतं, कारण या कामाची माणसं कमी आहेत. पण घरात कर्जाचा हप्ता असता, तर मी तुला हैदराबादच सांगितलं असतं आणि शनिवार-रविवारी वाडे पाहत फिर म्हटलं असतं. तुझ्यावर तसा बोजा नाही, म्हणून हा सल्ला. बाकी साइटवर मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, माळ्यावर चढताना सोबत कोण असतं, अपघाताचा विमा ऑफिस काढतं का, हे प्रश्न विचारायला संकोचू नकोस. जो असे प्रश्न ऐकून हसेल त्याच्याकडे जाऊच नकोस.

रुजू झालीस तर पहिल्या दिवसापासून एक वही ठेव. प्रत्येक इमारतीचा भारमार्ग हाताने काढ : छप्पर कशावर, ते कशावर, ते शेवटी जमिनीत कुठे उतरतं. जिथे माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह काढ, अंदाज लिहू नकोस. संगणकाला हात लावण्याआधी भिंतीवरचा दाब कागदावर काढ, मग दोन्ही उत्तरं ताडून बघ. गवंड्यांशी बोल. चुन्याची घाणी पाहिलेले, चुन्यात गूळ नि हिरडा कशासाठी घालायचे हे सांगू शकणारे कारागीर आता थोडे उरलेत. त्यांचं सगळंच खरं नसतं, पण ते काय बघून बोलतात ते शिकण्यासारखं असतं.

तीन-चार वर्षांनी हे काम नकोसं वाटलं तर खुशाल सोड. टॉवर कर, पूल कर, शिकव. भार शोधायची सवय कुठेही वाया जात नाही.

सोमवारी त्या सल्लागारांना फोन कर. पगाराचं बोलायच्या आधी त्यांना विचार, "अहवालावर सही करण्याआधी तुम्ही स्वतः इमारतीत जाता का, आणि मी लिहिलेलं मालकाला पटलं नाही तर तुम्ही काय करता?" उत्तर द्यायला ते वेळ घेतील. घेऊ देत. उत्तर पटलं तर हो म्हण, नाही पटलं तर हैदराबाद आहेच. मला मात्र ते उत्तर शब्दशः कळव.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा